झाकण उघडताना सांडलेला एक मिलि : कीटकनाशक अंगात शिरतं कसं, अडवायचं कसं

बाटली उघडून औषध मोजायचं आणि टाकीत ओतायचं, या कामाला दोन-चार मिनिटं लागतात. फवारणी तास-दोन तास चालते. त्यामुळे सगळी काळजी फवारणीच्या वाट्याला जाते. तोंडाला रुमाल, डोक्याला टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हे सगळं फवारा सुरू करताना चढवलं जातं. मोजण्याचं काम त्याआधीच उघड्या हातांनी उरकलेलं असतं. सील दातांनी ओढलेलं असतं, माप म्हणून बाटलीचंच झाकण वापरलेलं असतं आणि ओघळलेलं औषध कपड्याला पुसलेलं असतं.

जरा हिशेब करून पाहू. लेबलवर लिटरमागे २ मिलि अशी मात्रा असेल, तर बाटलीतलं औषध टाकीतल्या द्रावणाच्या ५०० पट तीव्र असतं. मोजताना बोटांवर १ मिलि सांडलं, तर त्यात अर्धा लिटर द्रावणाइतकं विष असतं. अर्धा लिटर फवारा अंगावर सांडला तर माणूस घाबरेल, कपडे काढेल, आंघोळीला धावेल. बोटावरचा १ मिलि मात्र मातीला पुसला जातो आणि काम पुढे चालू राहतं.

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढा हिशेब लक्षात असू द्या. सुरक्षेची सगळ्यात जास्त गरज झाकण उघडताना असते. आणि ही गरज भागवणं सोपंही आहे, कारण काम चार मिनिटांचं आहे. भर उन्हात दोन तास रबरी कपडे घालून फवारणं जवळपास अशक्य असतं, पण चार मिनिटं हातमोजे, चष्मा आणि पुढे प्लास्टिकचा एप्रन कुणालाही सोसेल.

नाकापेक्षा कातडी मोठं दार आहे

विष श्वासातून जातं असा बहुतेकांचा समज असतो, कारण वास नाकाला येतो. प्रत्यक्षात पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्या माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो. बरीच द्रवरूप कीटकनाशकं तेलासारख्या द्रावकात विरघळवलेली असतात. पानावरच्या आणि किडीच्या अंगावरच्या मेणासारख्या थरातून ती त्यामुळे सहज आत शिरतात. आपल्या कातडीवरही स्निग्ध थर असतो, आणि विषाला कीड आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

नाकाला येणारा उग्र वास बरेचदा त्या द्रावकाचा असतो. त्यामुळे वासावरून धोका ओळखता येत नाही. अतिशय विषारी औषधाला जेमतेम वास असू शकतो, आणि झणझणीत वासाचं औषध त्यामानाने सौम्य असू शकतं.

शरीराच्या सगळ्या भागांची कातडी सारखी नसते, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. १९७१ मध्ये त्वचातज्ज्ञ हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी स्वयंसेवकांच्या शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी पॅराथिऑन या कीटकनाशकाचा अगदी थोडा अंश लावला आणि त्यातला किती आत गेला हे लघवीतून मोजलं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के शरीरात गेलं. डोक्याच्या कातडीवरून याच्या पावणेचारपट, कपाळावरून चौपट आणि काखेतून सातपट शोषलं गेलं. वृषणाच्या कातडीवरून तर जवळपास बारापट, म्हणजे लावलेलं जवळजवळ सगळंच आत गेलं.

या आकड्यांचा शेतातल्या कामाशी थेट संबंध आहे. पंपाचं झाकण नीट बसत नसेल किंवा टाकीला चीर असेल, तर द्रावण पाठीवरून झिरपत कमरेखाली उतरतं आणि जांघेत साचतं. तिथली कातडी नाजूक, घामाने ओली, वरून घट्ट कपडा. विषाला याहून सोयीची जागा नाही. म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी त्यात साधं पाणी भरून तो हलवून पाहावा. झाकण, वॉशर, नळी, दट्ट्या यांपैकी कुठूनही थेंब गळत असेल तर आधी दुरुस्ती, मग औषध. पाठ आणि पंप यांच्यामध्ये प्लास्टिकचा जाड कागद असला तर उत्तमच. आणखी एक गोष्ट बोलायला अवघड वाटते म्हणून राहून जाते. फवारणीच्या मध्ये लघवीला जायचं असेल तर हात आधी साबणाने धुवावेत. आपण नंतर धुतो, इथे आधी धुणं जास्त महत्त्वाचं आहे.

घाम आणि ऊन हा सगळा मामला आणखी बिघडवतात. उष्णतेने कातडीचा रक्तप्रवाह वाढतो आणि ओल्या कातडीतून विष लवकर शिरतं. ओरखडे, फोड, खरूज असेल तर तिथे दार सताड उघडंच असतं. ज्याच्या अंगावर जखम आहे त्याने त्या दिवशी औषधाला हात लावू नये.

दाराची घंटा थांबतच नाही

“इतकी वर्षं फवारतोय, काही झालं नाही” असं म्हणणारे अनेक भेटतात. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. पण ते अर्धवट का असतं, हे समजून घ्यायचं तर विष शरीरात काय करतं ते पाहावं लागेल.

क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम ते रसायन लगेच मोडून टाकतं. दाराची घंटा दाबली, वाजली, बोट काढून घेतलं, तसं हे आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमलाच जखडून ठेवतं. मग घंटेवरचं बोट निघतच नाही. लाळ, अश्रू, घाम, नाकातलं पाणी थांबत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, स्नायू थडथडतात, छातीत कफ भरतो आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात.

यातली खरी मेख पुढे आहे. जखडलं गेलेलं एन्झाइम बहुतांशी कायमचं निकामी होतं. शरीराला नवं बनवावं लागतं, आणि रक्तपेशींतलं एन्झाइम दिवसाला साधारण १ टक्का एवढ्याच गतीने भरून येतं. एका फवारणीत २० टक्के गेलं, तर ते पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागतील. पण चार-पाच दिवसांनी पुढची फवारणी होते आणि पुन्हा थोडं जातं. त्रास काहीच जाणवत नाही, कारण शरीराकडे पुरेसा साठा असतो. आणि मग एके दिवशी, नेहमीचं औषध नेहमीच्या मात्रेत फवारताना माणूस कोसळतो. आजूबाजूचे म्हणतात की औषध बनावट असेल, ऊन लागलं असेल. खरं तर तो साठा आधीच्या पाच-सहा फवारण्यांनी संपवत आणलेला असतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात याच कारणासाठी १९७४ पासून ही औषधं नियमित हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्ताची तपासणी केली जाते. हंगामाआधी मूळ पातळी नोंदवतात आणि रक्तपेशींतलं एन्झाइम तिच्या ७० टक्क्यांवर आलं की मजुराला त्या कामातून बाजूला काढतात. लहान शेतकऱ्याला अशी सोय मिळणं कठीण. पण त्यातलं तत्त्व घरीही पाळता येतं. एकाच माणसाने हंगामभर सगळ्यांची फवारणी करू नये. आणि मजुरीवर फवारणारा माणूस आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतात जात असेल, तर त्याच्या अंगावर किती फवारण्यांचा भार आहे हे कुणीतरी विचारायला हवं. सगळ्यात जास्त धोका त्याचा, आणि सगळ्यात कमी मोजदादही त्याचीच. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

कार्बामेट गटातली औषधंही याच एन्झाइमवर घाला घालतात, पण ती साधारण दिवसभरात सुटतात. पायरेथ्रॉइड गटात तोंडाला आणि हातांना आग होते, मुंग्या येतात, घामाने आणि गरम पाण्याने त्या वाढतात आणि बहुधा दिवसाभरात ओसरतात. ही आग म्हणजे औषध कातडीला लागलं याची खूण समजावी.

काय घालायचं आणि आधी काय टाळायचं

हातमोजे नायट्राइल रबराचे हवेत. सुती किंवा चामड्याचे मोजे औषध शोषून घेतात आणि ते तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतात. त्यापेक्षा उघडा हात बरा, तो निदान धुता तरी येतो. फवारा खाली मारत असाल तर बाही मोज्याच्या वरून घ्या, म्हणजे ओघळ मोज्यात शिरणार नाही. उंच पिकावर हात वर करून मारत असाल तर मोजा बाहीच्या वरून. पँट नेहमी बुटाच्या बाहेर. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवायचे, मग काढायचे, मग हात धुवायचे. हा क्रम चुकला की मोज्यावरचं सगळं बोटांवर येतं.

तोंडाला बांधलेल्या रुमालाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कापड वाफ अडवत नाही. ते फवाऱ्याने ओलं झालं की विषाची पट्टी नाकातोंडावर बांधून फिरल्यासारखं होतं. लेबलवर श्वसनाचं संरक्षण सांगितलं असेल तर त्यासाठी कार्बनची फिल्टर असलेला मास्कच लागतो, आणि ती फिल्टरही ठरावीक काळाने बदलावी लागते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की एवढं सगळं लहान शेतकऱ्याकडे कुठून येणार, आणि आलं तरी उन्हात कोण घालणार? हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर कागदावर लिहिलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये कीटकनाशकांसाठी आचारसंहिता बनवली, पुढे जागतिक आरोग्य संघटनाही तिच्यात सहभागी झाली. तिच्यात म्हटलं आहे की, जे औषध हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ते टाळावं, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत. म्हणजे इतकं विषारी औषध त्याच्या हातात द्यायचं आणि वर “संरक्षक कपडे का नाही घातले” असं विचारायचं, ही उलटी वाट आहे. सुरक्षेची पहिली पायरी म्हणजे फवारणी खरंच हवी का ते पाहणं. दुसरी, कमी विषारी औषध निवडणं. मोजे आणि मास्क ही सगळ्यात शेवटची पायरी, आणि आपल्याकडचे सल्ले नेमके तिथून सुरू होतात.

औषधं बदलून काय साधतं याचं चांगलं उदाहरण श्रीलंकेत आहे. तिथे १९९५ पर्यंत सगळ्यात विषारी वर्गातली औषधं बंद केली गेली, १९९८ मध्ये एंडोसल्फान हे कीटकनाशक बंद झालं. त्यानंतर विषबाधेने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, आणि पिकांच्या उत्पादनात त्यामुळे घट दिसली नाही.

पहिल्या पायरीसाठी शेतात फेरी मारावी लागते. ठरावीक झाडांवरची कीड मोजायची, त्या किडीला खाणाऱ्या मित्रकिडी किती आहेत ते बघायचं आणि नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच फवारायचं. शेजाऱ्याने फवारलं म्हणून किंवा आठवडा झाला म्हणून फवारलं, तर कीड मरो न मरो, एन्झाइमच्या साठ्यातून एक हप्ता नक्की गेला.

लेबलवर नाव शोधा

बाटलीवर मोठ्या अक्षरात असतं ते व्यापारी नाव. खाली बारीक अक्षरात असतं ते सक्रिय घटकाचं नाव, आणि कामाचं तेच. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच घटक असू शकतो. “एकाने गुण येईना म्हणून दुसरंही टाकलं” असं करताना प्रत्यक्षात एकाच औषधाची मात्रा दुप्पट होते. घटक वेगळे असले तरी मिश्रण बिनधोक ठरत नाही. पायरेथ्रॉइड शरीरात मोडून टाकणारी काही एन्झाइमं ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे बंद पडतात, म्हणून ही दोन एकत्र आली की विषारीपणा वाढतो. किडीच्या अंगात हेच घडावं म्हणून काही तयार मिश्रणं बनवली जातात, आणि फवारणाऱ्याच्या अंगातही हेच घडतं. लेबल सांगत नसेल तर दोन औषधं एका टाकीत घालू नका.

अनेक देशांत लेबलवर रंग असतो. लाल सगळ्यात वरचा धोका, हिरवा सगळ्यात खालचा. मधल्या रंगांचे अर्थ देशागणिक बदलू शकतात. हा दर्जा मुख्यतः उंदरांवरच्या तात्काळ विषारीपणाच्या चाचणीतून ठरतो, म्हणून तो पूर्ण चित्र देत नाही. पॅराक्वाट हे तणनाशक जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ‘मध्यम धोकादायक’ वर्गात आहे. तरी ते पोटात गेलं तर माणसाचं फुप्फुस काही दिवसांत निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही. हिरव्या रंगाच्या औषधालाही मोजे लागतातच.

वारा, नोझल आणि पावलं

फवाऱ्याचा थेंब जितका बारीक तितका तो हवेत तरंगतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला की एका थेंबाचे आठ होतात, आणि त्यातले कित्येक पिकावर न बसता वाऱ्यावर जातात. म्हणून गरजेपेक्षा जास्त दाब देऊन धुकं करण्यात फायदा नाही. चेहऱ्याला जाणवेल आणि पानं हलकी सळसळतील इतका वारा चांगला. जोराच्या वाऱ्यात फवारू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण पहाटेची अगदी निश्चल हवाही वाईट. तेव्हा बारीक थेंब जमिनीलगत अडकून राहतात आणि नंतर भलतीकडे सरकतात.

वारा डावीकडून उजवीकडे असेल तर लान्स, म्हणजे पंपाची फवारायची लांब नळी, उजव्या बाजूला धरा, वाऱ्याला आडवे चाला आणि नुकत्याच फवारलेल्या ओळीतून जाऊ नका. लान्स समोर धरून डावी-उजवीकडे हलवत पुढे जाण्याची सवय सर्रास आहे. त्यात प्रत्येक पाऊल स्वतःच ओल्या केलेल्या पानांत पडतं आणि मांड्यांपर्यंतचे कपडे भिजतात. पीक कमरेच्या वर गेलं की हा धोका कितीतरी वाढतो.

नोझल, म्हणजे फवारा सुटतो ते टोक, तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, कधीच नाही. मऊ ब्रश जवळ ठेवा आणि एखादं जादा नोझल खिशात असू द्या. तारेने टोचलं तर भोक मोठं होतं आणि औषध जास्त जातं. नोझल झिजलं का ते मिनिटभर भांड्यात पाणी धरून कळतं. नव्यापेक्षा १० टक्के जास्त भरलं तर ते बदलावं.

घरी काय जातं

फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवायला हवेत. ते घरच्या कपड्यांत टाकले की विष लेकरांच्या अंगापर्यंत जातं. आणि धुणाऱ्या बाईला तर आपण औषध हाताळतोय याची कल्पनाही नसते.

रिकामी बाटली खरोखर रिकामी नसते. समजा तळाशी १० मिलि उरलंय. त्यात २४० मिलि पाणी घालून अर्धा मिनिट हलवून टाकीत ओतलं आणि पुन्हा १० मिलि चिकटून राहिलं, तर त्यात मूळ औषध ०.४ मिलि. दुसऱ्यांदा धुतल्यावर ०.०१६ आणि तिसऱ्यांदा एका मिलिच्या हजाराव्या भागाहून कमी. तीनदा धुणं म्हणतात ते यासाठी. हे औषध बनवतानाच करायचं, म्हणजे धुवण टाकीतच जातं आणि विकत घेतलेला थेंबही वाया जात नाही. मग बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे ती पाण्यासाठी कुणी वापरणार नाही. उरलेलं औषध दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नये. लेबल नसलेल्या बाटलीतून प्यायल्याने लहान मुलं दगावतात. औषधं घरात नकोत. वेगळ्या जागी, कुलपात, आणि किल्ली एकाकडेच असावी. घरात कुणी मनाने खचलेलं असेल तर हे आणखी गरजेचं आहे.

त्रास झाला तर

फवारणाऱ्याला डोकं दुखणं, मळमळ, अतिघाम, धूसर दिसणं, छाती आवळणं यातलं काही जाणवलं तर काम तिथेच थांबवा. ऊन लागल्यानेही डोकं दुखतं आणि घाम येतो, पण बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, लाळ गळणं, स्नायू थडथडणं ही उन्हाची लक्षणं नव्हेत. त्याला मोकळ्या हवेत आणा, सगळे कपडे काढा, केस आणि काखा-जांघांसकट साबणाने भरपूर पाण्याने धुवा. धुणाऱ्याने मोजे घालावेत. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं पाण्याची धार. शुद्ध हरपली असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. तेलकट द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर तेच जीवघेणं ठरतं. दूध, तेल, मिठाचं पाणी, काहीही पाजू नका. दवाखान्यात विषानुसार अ‍ॅट्रोपीन हे उताऱ्याचं औषध, प्राणवायू आणि लागल्यास कृत्रिम श्वास मिळतो. यातला प्रत्येक तास मोलाचा असतो.

लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उमटतात, म्हणून फवारून आलेल्या माणसाने त्या रात्री एकट्याने झोपू नये. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत पहिली लक्षणं ओसरल्यावर एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक कमजोर पडू शकतात. उशीवरून डोकं उचलता येत नसेल, तर ती सूचना समजा आणि बरं वाटतंय म्हणून घरी नेण्याची घाई करू नका. आणि दवाखान्यात निघताना बाटली, निदान तिचं लेबल, पिशवीत घालून सोबत न्या. ऑर्गॅनोफॉस्फेट, कार्बामेट, पॅराक्वाट यांचे उपचार वेगवेगळे आहेत. पॅराक्वाटमध्ये तर गरज नसताना दिलेला प्राणवायूही फुप्फुसाचं नुकसान वाढवतो. डॉक्टरांना लागतं ते सक्रिय घटकाचं, बारीक अक्षरातलं नाव.